पितळ धुण्याचा फिरता ड्रम : दुरुस्ती, सुधारणा आणि निगा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा एक लहान गाळा आहे. पितळेच्या टर्निंगचं काम चालतं : केबल ग्लँड, नोझल, टर्मिनल, मधूनच कुणाच्या देवघरातल्या घंटेचा लोळा. लेथवरून उतरलेला माल तेलकट आणि कळकट असतो. तो धुवायला कोपऱ्यात एक ड्रम फिरत असतो. कागदोपत्री नाव रोटरी टंबलर, गाळ्यात सगळे त्याला ढोल म्हणतात. कळवा, दिघा, रबाळे, पार तळोज्यापर्यंतची मंडळी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

ढोल नेमकं करतो काय?

आडवा ड्रम दोन रोलरवर ठेवलेला असतो आणि मोटर पट्ट्यानं रोलर फिरवते. ड्रममध्ये पितळेचे नग, बारीक स्टीलच्या पिना, पाणी आणि साबण घालायचं आणि सावकाश फिरवत ठेवायचं. माल एका बाजूनं वर चढतो आणि उतारावरून घरंगळतो. घरंगळताना पिना नगाच्या कानाकोपऱ्यात घुसून घासतात. हातानं घासायला दोन माणसांचा दिवस जाईल ते काम दीड-दोन तासांत होतं.

इंटरनेटवर असल्या ढोलाला ‘ब्रास केस’ टंबलर म्हणतात, म्हणजे काडतुसाच्या पुंगळ्या का? त्या यात धुता येतील?

स्टीलच्या पिना घालून ओलं टंबलिंग करायची पद्धत परदेशात लोकप्रिय केली ती काडतुसं पुन्हा भरणाऱ्या हौशी नेमबाजांनीच, हे खरं. त्यामुळे इंटरनेटवर शोधलं की पुंगळ्यांचेच फोटो दिसतात. आपल्याकडे मात्र १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात आणि परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे सगळं साध्या पितळी मालासाठी आहे. भंगारात एखादी न फुटलेली गोळी किंवा जुना गोळा सापडला, तर तो ढोलात तर नाहीच, हातातही घेऊ नका. ११२ लावा.

ड्रम किती वेगानं फिरवायचा?

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ढोल ‘नीट धूत नाही’ म्हणून आणलेल्या दहांपैकी सात-आठ यंत्रांत माझ्या अनुभवानं वेगच चुकलेला असतो.

वेग वाढवत गेलं की एका टप्प्यावर माल ड्रमच्या भिंतीला चिकटून गोल फिरायला लागतो, खाली पडतच नाही. त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. हिशोब सोपा : ४२.३ ला ड्रमच्या आतल्या व्यासाच्या (मीटरमध्ये) वर्गमुळानं भागा, म्हणजे मिनिटाला किती फेरे ते मिळतं. आत २०० मिमी व्यास असेल तर ०.२ चं वर्गमूळ ०.४४७, म्हणजे क्रिटिकल वेग साधारण ९५ फेरे. १५० मिमीच्या ड्रमला १०९, ३०० मिमीच्या ड्रमला ७७. ड्रम जितका मोठा तितका सावकाश, हे इथे ध्यानात ठेवायचं. पितळ धुवायला या आकड्याच्या ४० ते ६० टक्के वेग पुरतो. आमचा ढोल आतून २०० मिमी आहे आणि ४४ फेऱ्यांवर चालतो.

फेरे मोजायचा टॅकोमीटर नसेल तर ड्रमवर खडूची रेघ मारा आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजा. आणि कान द्या. माल नीट घरंगळत असेल तर एकसारखी खळखळ ऐकू येते, पावसात पन्हळीतून पाणी पडतं तशी. नुसती सरसर येत असेल तर माल वर चढतच नाहीये, तळाशी घसरतोय. धपाधप आवाज म्हणजे माल उंचावरून आपटतोय आणि आटे ठेचले जाताहेत. वेग वाढवल्यावर ढोल अचानक गप्प झाला, तर सगळं भिंतीला चिकटलंय. आमच्याकडचा जुना ऑपरेटर पाठमोरा चहा पीत असताना नुसत्या आवाजावरून ‘पाणी कमी झालंय’ सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं.

मोटर मोठी बसवली तर लवकर धुतलं जाईल का?

नाही. वेग तोच ठेवायचा असेल तर मोठी मोटर जास्त वीज खाण्यापलीकडे काही करत नाही. आमच्या ढोलात पाणी, पिना आणि माल मिळून साडेनऊ किलोच्या आसपास असतात. तो माल सतत वर चढवायला लागणारी शक्ती मोजली तर वीस वॅटच्या आतबाहेर येते. पट्टा, बेअरिंग, रोलर यांचं घर्षण धरलं तरी पाव हॉर्सपॉवरची, म्हणजे १८६ वॅटची मोटर सहज पुरते. एक एचपी बसवून आलेले लोक मी पाहिलेत. ड्रम अडकला की लहान मोटर निमूट थांबते. मोठी मोटर पट्टा तरी जाळते नाहीतर झाकण तरी उपटते.

पैसे घालायचेच असतील तर पुलीत घाला. सिंगल फेजची चार पोलची मोटर १४४० फेरे देते. मोटरवर २ इंची आणि रोलरच्या शाफ्टवर ९ इंची पुली लावली की शाफ्ट ३२० फेऱ्यांवर येतो. रोलर रबरासकट ३० मिमी आणि ड्रम बाहेरून २२० मिमी असेल तर ड्रमला ४४ फेरे मिळतात. एक अडचण आहे : ए सेक्शनचा व्ही-बेल्ट २ इंची पुलीवर फार वळतो आणि लवकर चिरतो, त्याला किमान ७५ मिमीची पुली लागते. म्हणून इथे झेड सेक्शनचा बारीक बेल्ट घ्या. हा हिशोब पाठ करायची गरज नाही, पण पुली घ्यायला जाताना कागदावर लिहून न्या. दुकानदार जी समोर असेल तीच ‘चालून जाईल’ म्हणतो.

गाडीच्या वायपरची मोटर चालेल?

हौशी माणसाच्या लहान ड्रमला चालते. आतच गिअर असतो, १२ व्होल्टवर चालते, ओल्या जागी त्यातल्या त्यात सुरक्षित. पण तासन्‌तास ओझं ओढायला ती बनवलेली नाही. हात ठेववत नाही इतकी तापली तर थांबवा.

ड्रम कशाचा करावा? आत अस्तर हवं का?

लोखंडी ड्रमला रबराचं अस्तर हवंच. नाहीतर गंज, आवाज आणि त्याहून वाईट ते खाली गुलाबी रंगाच्या प्रश्नात सांगितलंय. जाड पीव्हीसी किंवा एचडीपीई पाइपचा ड्रम स्वस्त पडतो आणि गंजत नाही, पण आतून गुळगुळीत असतो. त्यात माल घसरत राहतो. त्यासाठी आत लांबीच्या दिशेनं तीन-चार पट्ट्या लावायच्या, १५ ते २० मिमी उंचीच्या. आम्ही पहिल्यांदा तीस मिमीच्या लावल्या होत्या. माल इतका वर जाऊन पडायचा की ग्लँडचे आटे बोथट व्हायला लागले. एका संध्याकाळी पटाशीनं तासून खाली आणल्या. सहा बाजूंचा ड्रम असेल तर पट्ट्या लागतच नाहीत, कोपरे ते काम करतात.

ट्रकच्या जुन्या ट्यूबचं अस्तर चालतं का, असंही विचारतात. चालतं. चिकटवायच्या आधी ट्यूबमधली पांढरी पावडर साबणानं धुऊन काढा, नाहीतर महिन्याभरात फुगवटे येतात आणि त्यामागे पिना साठतात.

किती भरायचं?

ड्रमच्या आकारमानाच्या निम्म्याहून थोडं जास्त, पाण्यासकट. आमच्या साडेनऊ लिटरच्या ढोलात ५ लिटर पाणी, सव्वादोन किलो पिना आणि दोन किलो माल जातो. गच्च भरला तर माल हलायला जागाच राहत नाही. ऑर्डर तातडीची असली की हमखास ठासून भरलं जातं आणि मग तोच माल दोनदा धुवावा लागतो.

झाकणातून पाणी गळतं. आणि कधीकधी झाकण फुगतं, ते का?

गळतीचं कारण नव्वद टक्के वेळा गॅस्केटवर अडकलेली पिन असते. झाकण लावण्याआधी कडेवरून ओलं बोट फिरवा. नट एकेक करून पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत या, गाडीचं चाक बसवताना करतो तसं.

फुगण्याचं कारण आत तयार होणारा वायू. आम्लात पितळेतल्या जस्तापासून थोडा हायड्रोजन सुटू शकतो, तो सहसा किरकोळ असतो. पण कुणीतरी ‘दोन्हीनं स्वच्छ होतं’ म्हणून लिंबूफूल आणि खायचा सोडा एकत्र टाकतं. दोघांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइडचा फेसच फेस, आणि झाकण बंद! अ‍ॅल्युमिनियमचे नग आणि कपडे धुण्याचा क्षारयुक्त साबण हे मिश्रण त्याहून वाईट. ढोलात फक्त पितळ, आणि झाकण उघडताना तोंड बाजूला.

पिना कुठल्या घ्याव्यात? सिरॅमिक, अक्रोडाची भुकटी यांचं काय?

नुसती झळाळी आणि आतली घाण काढायची असेल तर ३०४ स्टेनलेसच्या १ मिमी जाड आणि ५-६ मिमी लांब पिना. त्या झिजत नाहीत. आमचा पहिला लॉट अजून चालू आहे. बर काढायचा असेल, म्हणजे कापलेल्या कडेची धार मारायची असेल, तर पिना उपयोगाच्या नाहीत, तिथे सिरॅमिक लागतं. अक्रोडाच्या टरफलाची भुकटी कोरड्या कामाला छान आहे, पण तिच्या धुळीबद्दल पुढे वाचा.

घेण्याआधी आपल्या मालाची भोकं मोजा. २ मिमीच्या भोकात १ मिमीच्या दोन पिना शेजारी शेजारी जाऊन अशा पाचर बसतात की सुईनं उपसाव्या लागतात. एकदा बाराशे नोझलमधून पिना काढत बसलो होतो, घरचे सगळे हाताशी घेऊन. तेव्हापासून त्या नगासाठी वेगळ्या जाड पिना ठेवल्यात.

नव्या पिना तेलकट असतात आणि कापलेल्या टोकांना धार असते. पहिले दोन तास माल न घालता साबणात नुसत्या फिरवा.

पिना लोहचुंबकाला चिकटतात. दुकानदारानं फसवलं का?

बहुधा नाही. ३०४ मूळचं चुंबकाला दाद देत नाही, पण तार ओढताना त्याची अंतर्गत रचना बदलते आणि ते थोडं चिकटायला लागतं. उलट बरंच आहे. माल आणि पिना वेगळ्या करायला चुंबक फिरवता येतं. खात्री करायची तर चार पिना मिठाच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. लाल गंज आला तर फसवलं.

पाण्यात काय घालायचं?

पाच लिटर पाण्याला भांडी घासायचं लिक्विड एक मोठा चमचा आणि लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड, अर्धा छोटा चमचा. साधारण ३ ग्रॅम. बस. एवढ्याशानं काय होणार असं वाटतं, आणि तिथेच हात सैल सुटतो.

माल कटिंग ऑइलनं माखलेला असेल तर आधी पंधरा मिनिटं नुसत्या साबणाच्या कोमट पाण्यात फिरवून ते पाणी काढून टाका, मग दुसऱ्या पाण्यात लिंबूफूल. तेल आणि आम्ल एकदम घातलं की राखाडी चिकट साय तयार होते आणि ती पिनांना धरून बसते.

चिंच चालते का? रसायन म्हणून चालते, चिंचेतलं टार्टारिक आम्ल पितळेवरचा काळा थर काढतं. आपल्या आज्यांनी समया त्यावरच उजळल्या. पण कोळाचे धागे पिनांत अडकतात. रिठा सोनार लोक वर्षानुवर्षं वापरतात. आम्हीही करून पाहिला. उकळून गाळलेलं पाणी साबणाऐवजी घेतलं तर काम बरं होतं, फेस मात्र आवरत नाही. पीतांबरी ठाण्याचीच, त्यामुळे तिच्याबद्दल तर हटकून विचारतात. ती हातानं चोळायची वस्तू, हातानंच चोळा. ढोलात कुठलीही घासायची पावडर घातली की तळाला बसते.

पाणी कुठलं, यानंही फरक पडतो. मोरब्याचं किंवा बारवीचं धरणाचं पाणी मऊ असतं, साबणाला चटकन फेस येतो. टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर नगावर पांढरे ठिपके राहतात. शेवटच्या धुण्याला तरी चांगलं पाणी घ्या. आम्ही एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी कॅनमध्ये धरतो. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि फुकट मिळतं.

माल गुलाबी, तांब्यासारखा झाला. काय बिघडलं?

कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. ताकातलं आम्ल धातू विरघळवतं, म्हणून ते कळकतं. ढोलातही तेच चाललेलं असतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात जास्त वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा थर उरतो. तोच गुलाबीपणा.

दुसरं कारण लोखंड. ढोलात एखादा खिळा, स्टेपलची पिन, लेथवरचा लोखंडी चुरा किंवा अस्तर फाटून उघडा पडलेला ड्रमचा पत्रा असेल, तर पाण्यात विरघळलेलं तांबं परत धातूवर चढायला लागतं. मग वेळ कमी असूनही माल गुलाबी निघतो. सोनार आम्लाच्या भांड्यात लोखंडी चिमटा घालत नाहीत तो याचसाठी. एकाच लेथवर आळीपाळीनं एमएस, म्हणजे साधं लोखंड, आणि पितळ चालवणाऱ्यांना हा त्रास जास्त. माल ढोलात टाकण्याआधी त्यावरून चुंबक फिरवा.

थर हलका असेल तर आम्ल न घालता, नव्या पाण्यात साबण आणि पिना घालून अर्धा-पाऊण तास फिरवा, बहुतेक निघतो. जस्त खोलवरून निघून गेलं असेल तर धुऊन परत येत नाही. तो माल पॉलिशच्या चाकाकडे जातो, नाहीतर भंगारात.

अमोनियाचं क्लीनर घातलं तर चमक लवकर येते म्हणतात?

येते, आणि नंतर नग चिरतो. ही गोष्ट आपल्याच मुलखात उघड झाली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या पागांमध्ये साठवलेली असत आणि पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पितळी पुंगळ्यांना भेगा पडलेल्या असत. मोसमात होतं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. कारण नीट कळायला १९२१ साल उजाडलं : घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पुंगळी दाबून घडवताना धातूत राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ आपोआप चिरतं.

ओढून, दाबून किंवा ठोकून बनवलेल्या पातळ नगांत तो ताण असतोच. म्हणून काच पुसायचं अमोनियाचं लिक्विड असो की अमोनिया असलेलं पॉलिश, ढोलात नको. आणि धुतलेला माल संडासाजवळच्या खोलीत रचून ठेवू नका. हसू नका, इथल्या गाळ्यांमध्ये रिकामी जागा बहुतेक तिथेच असते.

ढोलातून चकचकीत निघतो, दुसऱ्या दिवशी काळा पडतो. ढोलात काय सुधारणा करू?

ढोलात काहीच नको. ढोल फिरवणं सोपं आहे, बाहेर काढल्यानंतरचा अर्धा तास अवघड. आणि इथे कुणी पैसे घालत नाही.

माल निघाला की लगेच वाहत्या पाण्यात धुवा, साबणाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. आम्लाच्या पाण्यात जेवणाची सुट्टी काढू नका. मग ७०-८० अंशांच्या गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवून ठेवा. नग तापला की बाहेर काढल्यावर स्वतःच्या उष्णतेनं वाळतो. त्यानंतर जुन्या टॉवेलमध्ये घोळवा किंवा प्लेटिंगवाले करतात तसं कोरड्या भुशात. भुसा पांढऱ्या लाकडाचा बघून घ्या. सागाच्या भुशाचे डाग पडतात. मे महिन्यात उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरून ठेवला तर पावसाळाभर पुरतो. जूनमध्ये वखारीतून आणलेला भुसा म्हणजे ओल्या कापसानं आरसा पुसण्यासारखं.

महिनाभर चमक टिकवायची असेल तर वाळवण्याआधी बेंझोट्रायझोल या गंजरोधक रसायनाच्या कोमट द्रावणात पाच मिनिटं ठेवा, एका लिटरला २ ते ५ ग्रॅम. तांबं आणि पितळ यांवर त्याची न दिसणारी पातळ साय धरते. हातमोजे घाला.

नंतरच्या चुकाही मोजून ठेवल्यात. कोमट माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केला की आत घाम धरतो. घामट हातानं मोजला की दोन दिवसांत बोटांचे ठसे उमटतात. आणि नगांच्या जुड्यांना रबरबँड लावला तर बरोबर रबराखाली काळा पट्टा येतो, कारण रबरातला गंधक. आमचं एक कन्साइनमेंट नव्या मुंबईहून परत आलं होतं ते याच पट्ट्यांमुळे. दोष मी आधी आठवडाभर लिंबूफुलाला देत होतो.

बेअरिंग आणि पट्टा यांची निगा कशी राखायची?

रोलरला २० मिमीच्या शाफ्टचे यूसीपी २०४ ब्लॉक, म्हणजे घरासकट मिळणारी बेअरिंग, लावलेत तर आयुष्य सोपं होतं. शाफ्ट थोडा वाकडा असला तरी ते सांभाळून घेतात आणि ग्रीसचा निपल असतो. महिन्याला ग्रीसगनचा एखाद-दुसरा दट्ट्या पुरे. प्रेमापोटी दहा मारले तर सील बाहेर येतं आणि मग पाणी आत. साधी बेअरिंग वापरत असाल तर झेडझेड नको, टूआरएस घ्या. पहिल्याला पत्र्याचं झाकण असतं, दुसऱ्याला रबराचं. साबणाचं पाणी पत्र्याच्या फटीतून आरामात जातं.

बेअरिंग बदलायची वेळ ओळखायला पट्टा काढा आणि शाफ्ट हातानं फिरवा. गहू भरडल्यासारखी करकर जाणवली की बदला, आवाज यायची वाट पाहू नका.

पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला की साधारण एक सेंटिमीटर दबावा. फार ताणला तर मोटरचं पुढचं बेअरिंग जातं. घसरायला लागला की त्यावर राळ किंवा डांबर लावणारे महाभाग आहेत. दोन दिवस चालतं, मग पुलीला जो लेप बसतो तो रॉकेलनंही निघत नाही.

रोलरचं रबर झिजतं हे कुणी धरत नाही. ३० मिमीचा रोलर २७ मिमी झाला की ड्रमचा वेग दहा टक्क्यांनी उतरतो आणि तुम्ही म्हणता की हल्ली ढोल पूर्वीसारखा धूत नाही. दर सहा महिन्यांनी कॅलिपर लावा.

ड्रम सरकत सरकत एका टोकाला जातो.

दोन रोलर समांतर नाहीत. टेपनं दोन्ही कर्ण मोजा, सारखे हवेत. मग फ्रेमला लेव्हल लावा. तरी थोडा सरकणारच, म्हणून दोन्ही टोकांना एकेक जुनं बेअरिंग उभं लावून ठेवा. ड्रम त्याला टेकून फिरत राहतो.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही.

पट्टा काढून हातानं गिरकी द्या. फिरायला लागली तर कपॅसिटर गेलाय. त्यावर लिहिलेल्याच मायक्रोफॅरडचा आणि त्याच व्होल्टेजचा आणा. पट्टा नसतानाही जाम असेल तर बेअरिंग. जळका वास असेल तर वाइंडिंगवाला. कपॅसिटर बंद केल्यावरही चार्ज धरून असतो, टोकांना हात लावू नका.

आणि हे ओलं यंत्र आहे. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) यांशिवाय चालवू नका. मोटर ड्रमच्या खाली बसवली असेल तर आजच बाजूला घ्या.

धुतलेलं काळं पाणी कुठे टाकायचं?

गटारात नाही. त्या काळेपणात तांबं, जस्त आणि शिसं असतं. आपली गटारं ठाण्याच्या खाडीकडे जातात. तिथे दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि २०२२ पासून ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. विरघळलेलं तांबं जलचरांना अगदी थोडं असलं तरी बाधतं.

बरेच जण सांगतात की चुना घाला, सगळं तळाला बसतं. अर्धवट खरं आहे. चुन्यानं धातू बसतात, पण लिंबूफूल तांब्याला धरून ठेवतं, त्यामुळे बरंच तांबं पाण्यातच राहतं. पाणी वरून नितळ दिसतं आणि माणूस फसतो. कारखाना असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात हे पाणी दाखवा आणि सामायिक सांडपाणी केंद्राकडेच जाऊ द्या. गाळ सीलबंद करून तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे. घरगुती हौस असेल, महिन्याला दहा-वीस लिटर, तर उथळ ट्रेमध्ये मुलांच्या हाताबाहेर वाळू द्या. उरलेली चिमूटभर काळी भुकटी बंद बरणीत साठवा आणि एखाद्या ओळखीच्या कारखान्याच्या गाळासोबत पाठवा.

शिसं कुठून आलं? आम्ही तर पितळ वापरतो.

लेथवर सहज कापलं जावं म्हणून टर्निंगच्या पितळेत मुद्दाम शिसं घालतात. आयएस ३१९ या भारतीय मानकाच्या नेहमीच्या रॉडमध्ये ते साधारण २ ते ३.५ टक्के असतं. ओल्या ढोलात ते पाण्यात राहतं. कोरड्या टंबलिंगमध्ये धुळीत येतं आणि चाळताना नाकात जातं. कोरडं काम करायचंच असेल तर मास्क लावून, उघड्यावर. ढोलाजवळ वडापाव खाऊ नका, हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

सुटं सामान कुठे मिळतं?

पुली, पट्टा, बेअरिंग वागळे इस्टेटच्या आसपास मिळतात. नसलं तर मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट. विजेचं सामान लोहार चाळीत. जाताना जुना नग खिशात घेऊन जा, फोटो दाखवून भागत नाही.

सोसायटीत आवाजाची तक्रार येते.

फ्रेमखाली जुन्या टायरचे तुकडे आणि ड्रमला आतून रबर, एवढ्यानं बराच फरक पडतो. गॅलरीतल्या ग्रिलला फ्रेम बांधू नका, अख्खी इमारत ढोलकी होते.

रात्रभर लावून घरी गेलो तर?

जाऊ नका. दोन तासांपुढे तसंही काही मिळत नाही, नुसत्या कडा ठेचल्या जातात. टायमर बसवला तरी माल आम्लाच्या पाण्यात सकाळपर्यंत पडून राहतो आणि गुलाबी निघतो. आम्ही एकदा गणपतीच्या गर्दीत टायमर लावून आरतीला गेलो. परत आलो तेव्हा झाकणाचा एक नट सुटलेला, पाणी शेजारच्या गाळ्यात आणि सव्वादोन किलो पिना जमिनीवर. दिवाळीपर्यंत चपलेत पिना सापडत होत्या.